अक्षरे अडखळतात तेव्हा

वाचकहो, उतारवयात घराघरांत एक चमत्कारिक न्याय चालतो. रेडिओ खरखरला की आजोबांच्या कानांवर संशय जातो, जिन्यातला दिवा मंद झाला की आजींच्या डोळ्यांवर. हा संशय घेणारे घरातले तरुणच असतात असे नाही. बहुतेक वेळा तो आपण स्वतःच घेतो. ‘आता वय झाले’ हे वाक्य इतके हाताशी असते की वस्तू तपासण्याआधीच ते तोंडातून निघून जाते. लॅपटॉपच्या पडद्यावर मजकूर वरखाली सरकवताना अक्षरे अडखळू लागली, तर या न्यायाचा निकाल काय लागतो, हे मी आमच्या घरात पाहिले आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

माझे यजमान एकोणऐंशी वर्षांचे आहेत. हातांना कंप असल्यामुळे वर्तमानपत्र धरून वाचणे त्यांना जमत नाही, जाड पुस्तक तर नाहीच. गेली काही वर्षे टेबलावरचा लॅपटॉप हेच त्यांचे वाचनालय आहे. सकाळी दोन वर्तमानपत्रे आणि दुपारी एखादे जुने पुस्तक, असे रोजचे तीनएक तास. जुना लॅपटॉप कुरकुरू लागला, तेव्हा दिवाळीला आलेल्या मुलाने मोठ्या हौसेने नवा आणला. पडदा साडेपंधरा इंचांच्या आसपास, आणि ज्याला ‘फोर-के’ म्हणतात त्या प्रतीचा. पान स्थिर असताना अक्षरे तांब्याच्या पत्र्यावर कोरल्यासारखी दिसत. परंतु पान पुढे सरकवण्यासाठी दोन बोटे टचपॅडवरून फिरवली की मजकूर क्षणभर जागीच थांबे आणि मग एकदम तीन ओळी उडी मारून पुढे जाई. आठवड्याभरात ते दहा मिनिटांतच चष्मा काढून कपाळ दाबू लागले. एके दिवशी म्हणाले, “गरगरतंय. माझ्या डोळ्यांचंच काहीतरी झालंय. राहू दे आता हे वाचन.”

शुश्रूषा करणाऱ्या वाचकांना वेगळे सांगायला नको, की अशा वेळी गरगरण्यापेक्षा त्या शेवटच्या वाक्याची भीती अधिक वाटते. म्हाताऱ्या माणसाने मिटलेली एखादी खिडकी पुन्हा उघडणे फार अवघड असते.

मी तीस वर्षे शाळेत गणित शिकवले. त्यामुळे उत्तरापाशी जाण्याआधी दिलेल्या गोष्टी मांडून पाहण्याची खोड आहे. पुस्तकाच्या लाकडी स्टँडवर एक छापील मासिक ठेवले. ते त्यांनी अर्धा तास वाचले, त्रास नाही. लॅपटॉपवर तितक्याच मोठ्या अक्षरांचे एक पान उघडले आणि ते अजिबात हलवायचे नाही असे ठरवले. तेही वाचले, त्रास नाही. मग तेच पान बोटांनी सरकवायला सांगितले, तेव्हा दोन मिनिटांत कपाळावर आठ्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया चार वर्षांपूर्वी झाली आहे. नेत्रतज्ज्ञांकडून पुन्हा तपासणी करून घेतली, नवे काही आढळले नाही. उरला तो लॅपटॉप.

त्याचे गणित असे. पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. जुन्या, साध्या लॅपटॉपवर आडवे १३६६ आणि उभे ७६८, म्हणजे सुमारे साडेदहा लाख ठिपके असत. ‘फुल एचडी’ पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६००. आणि फोर-केवर त्याच्या बरोबर चौपट, ८२ लाख ९४ हजार ४००. सर्वसाधारण पडदा सेकंदाला साठ वेळा नवे चित्र दाखवतो. पान सरकत असताना फोर-के लॅपटॉपला दर सेकंदाला एकोणपन्नास कोटींहून अधिक ठिपक्यांची रांगोळी पुनःपुन्हा मांडावी लागते, आणि प्रत्येक रांगोळीसाठी त्याच्या हाती असतो सेकंदाचा साठावा भाग, सुमारे १७ सहस्रांश सेकंद. तेवढ्या वेळात ती पूर्ण झाली नाही, तर पडदा मागचेच चित्र पुन्हा दाखवतो. पुढच्या खेपेला मजकूर दुप्पट अंतर ओलांडून येतो. डोळ्यांना जाणवणारी अडखळ ती हीच. पडदा उंची आणि त्यामागची चित्रे रंगवणारी चिप बेताची, असा हा विजोड संसार असतो.

हा त्रास केवळ वृद्धांना जाणवतो असे मुळीच नाही. २०१२ च्या जून महिन्यात अ‍ॅपलने २८८० गुणिले १८०० ठिपक्यांचा पडदा असलेला पंधरा इंची मॅकबुक प्रो बाजारात आणला. पडद्याची तोंड भरून स्तुती झाली. परंतु काही संकेतस्थळांची पाने सरकवताना तो अडखळतो, ही नोंदही त्याच वेळी व्यवसायाने संगणक तपासणाऱ्या परीक्षकांनी करून ठेवली. पुढे आज्ञावली आणि चिपा सुधारत गेल्या तसा तो दोष ओसरला. ही हकीकत मी यजमानांना सांगितली, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी थोडे समाधान दिसले. दोष आपला एकट्याचा नाही, हे कळणेही औषधच असते.

तरीही तरुणाला जे केवळ चीड आणते, ते वृद्धाला गरगरवते, याला कारणे आहेत. हलत्या मजकुरामागे डोळा अंदाजाने धावत असतो. मजकूर एकसारखा सरकला तर तो अंदाज जुळतो. उड्या मारीत सरकला तर डोळ्याला दर वेळी ओळ नव्याने शोधावी लागते. शिवाय डोळे सांगतात ‘समोरचे हलते आहे’ आणि कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते ‘आपण स्थिर आहोत’. घाटातून जाणाऱ्या एस.टी.त पुस्तक उघडले की पोटात ढवळते, ते याच विसंवादाने. फक्त तिथे उलट, पुस्तक स्थिर आणि शरीर हलते. वयाबरोबर डोळ्यांची बाहुली लहान होते, आत जाणारा प्रकाश कमी होतो, फिकट आणि गडद यांतला फरक ओळखण्याची क्षमता मंदावते. हरवलेली ओळ पुन्हा सापडायला म्हणून अधिक श्रम पडतात. त्यात दुहेरी भिंगाचा चष्मा असेल, तर वाचनाच्या खालच्या भिंगातून पडदा दिसावा म्हणून हनुवटी वर उचलून बसावे लागते आणि मानेचे दुखणे वेगळेच. लॅपटॉप रोज वापरणाऱ्यांनी हातभर अंतरासाठीचा वेगळा चष्मा नेत्रतज्ज्ञांकडून करून घ्यावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. नव्या लॅपटॉपपेक्षा तो पुष्कळ स्वस्त पडतो.

इथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख एखाद्याचे नुकसान करील. आमच्याच इमारतीतल्या एक काकू हे सारे ऐकून म्हणाल्या, “मग माझाही लॅपटॉपच बिघडलाय.” त्यांना तोच छापील मासिकाचा प्रयोग करायला लावला. छापील पानावरही त्यांना मधली अक्षरे पुसट दिसत होती, आणि एक डोळा झाकल्यावर खिडकीचे सरळ गज मध्येच वाकलेले वाटत होते. त्यांचा आजार दृष्टिपटलाचा निघाला आणि उपचार लगेच सुरू झाले. तेव्हा वाचकहो, स्थिर पानही धूसर दिसत असेल, सरळ रेषा वाकड्या भासत असतील, एकाच्या दोन वस्तू दिसत असतील किंवा नजर अचानक कमी झाली असेल, तर लॅपटॉपला हात लावू नका, नेत्रतज्ज्ञांकडे जा. पडदा मिटल्यावरही चक्कर राहत असेल, अंथरुणात कूस बदलताना घर फिरत असेल, तर डॉक्टरांना सांगा. आणि चकरेबरोबर चेहरा वाकडा होणे, बोलणे जड होणे किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडणे असे काही दिसले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठा.

दोष लॅपटॉपचा आहे असे ठरले, तरी लगेच दुकानाची वाट धरण्याचे कारण नाही. आमच्याकडे सर्वांत गुणकारी ठरलेला उपाय फुकटचा होता. लॅपटॉपच्या सेटिंग्जमध्ये ‘डिस्प्ले’ या विभागात रिझोल्यूशन बदलता येते. ते ३८४० गुणिले २१६० वरून १९२० गुणिले १०८० वर आणले. हे बरोबर चतुर्थांश असल्यामुळे चार ठिपके मिळून एका ठिपक्याचे काम करतात आणि चिपेवरचा भार एकदम हलका होतो. मग ‘स्केल’ वाढवून अक्षरे पुन्हा मोठी करून घेतली. अक्षरांची कोरीव धार किंचित बोथट झाली, हे मला दिसले. यजमानांना दाखवूनही दिसले नाही. दुसरा उपाय सवयीचा. बोटांनी पान ओढत राहण्याऐवजी स्पेसबार किंवा ‘पेज डाऊन’ची कळ दाबली की जवळजवळ पडदाभर मजकूर एकदम पुढे जातो. विंडोज ११ मध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’खाली ‘व्हिज्युअल इफेक्ट्स’मध्ये अ‍ॅनिमेशन बंद करण्याची सोय आहे, तीही वापरून पाहावी. पुस्तकाचे पान उलटावे तसे हे होते आणि कंप असलेल्या हाताला एक कळ दाबणे सोपे जाते. याशिवाय चार्जर लावून पाहावे, कारण बॅटरीवर अनेक लॅपटॉप आपणहून वेग आवरतात; ब्राउझरमध्ये उघडून ठेवलेली वीसपंचवीस पाने मिटावीत. जुन्या पुस्तकांच्या पीडीएफमध्ये प्रत्येक पान म्हणजे एक मोठे छायाचित्रच असते, ते चांगल्या लॅपटॉपवरही अडखळू शकते. तेवढ्यासाठी नवा घेऊ नये.

मग नवा घ्यावा तरी केव्हा? पहिले कारण सुरक्षिततेचे. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्यांच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चालत नाही आणि जे त्यावरून पेन्शनचे किंवा बँकेचे व्यवहार करतात, त्यांनी चालढकल करू नये. दुसरे, वर सांगितलेले सारे करूनही साधे वर्तमानपत्राचे पान सरळ सरकत नसेल तर. तिसरे कारण माझ्या मते मराठी वाचकांचे खास आहे. १३६६ गुणिले ७६८ च्या जुन्या पडद्यावर लहान टंकातले रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरे एकमेकांत मिसळतात. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ ओळखण्यासाठी पुढे वाकावे लागते. रोमन लिपी वाचणाऱ्याला ही अडचण इतकी भासत नाही.

परंतु त्यासाठी फोर-केपर्यंत जाण्याची गरज नाही, हे पुन्हा गणितच सांगते. ६/६ दृष्टीचा डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा ओळखतो. साठ सेंटिमीटर अंतरावर ही मर्यादा सुमारे ०.१७ मिलिमीटर होते. १५.६ इंची पडद्यावर जुन्या प्रतीचा ठिपका ०.२५ मिलिमीटरचा, फुल एचडीचा ०.१८ चा आणि फोर-केचा ०.०९ चा. फुल एचडीपाशीच चांगल्या नजरेची सीमा जवळजवळ येऊन ठेपते. पुढच्या ठिपक्यांचे पैसे आपण द्यायचे, बॅटरी त्यांच्यासाठी अधिक खर्चायची आणि डोळ्यांना ते फारसे जाणवायचेही नाहीत. छायाचित्रांवर बारीक काम करणाऱ्यांची गोष्ट निराळी. नजर अधू असल्यामुळे पडद्याला नाक लावून वाचणाऱ्यांनाही अधिक ठिपक्यांचा थोडा लाभ होऊ शकेल. इतरांनी तोच पैसा मोठा, न चकाकणारा पडदा, भरपूर उजेड आणि १६ जीबी मेमरी यांवर खर्च करावा. सेकंदाला साठऐवजी एकशेवीस वेळा चित्र बदलणारे पडदेही आता मिळतात; बेताच्या ठिपक्यांबरोबर तशी सोय असेल, तर सरकती अक्षरे डोळ्यांना पुष्कळ सौम्य वाटतात.

दुकानात मात्र ज्याला वाचायचे आहे त्याला सोबत न्या. मुलांनी परस्पर आणलेली भेट प्रेमाची असली तरी तिची परीक्षा झालेली नसते. विक्रेता एखादा झगझगीत चित्रपट लावून दाखवील. त्यावर जाऊ नका. चित्रपट उलगडण्यासाठी चिपेत वेगळा भाग असतो, त्यामुळे बेताच्या लॅपटॉपवरही तो सुरळीत चालतो आणि मजकूर मात्र अडखळतो. घरी वापरता तोच चष्मा लावा, चार्जर काढायला सांगा, नेहमीचे वर्तमानपत्र उघडा, अक्षरे आपल्याला लागतात तेवढी मोठी करा आणि खुर्ची मागून पंधरा मिनिटे खरोखर वाचा. उभ्या उभ्या दोन मिनिटे पाहून काही कळत नाही. विक्रेता कंटाळला तर कंटाळू द्या.

आम्ही अद्याप नवा घेतलेला नाही. त्याऐवजी चोवीस इंची एक साधा फुल एचडी मॉनिटर घेऊन तो लॅपटॉपला जोडला आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीवर येईल असा ठेवला. टंक मोठा करून घेतल्यावर त्याचे जाडसर ठिपके यजमानांना बोचत नाहीत, आणि मानही वाकत नाही. वाचन सध्या दोन तासांपर्यंत आले आहे. दर वीस मिनिटांनी मी त्यांना खिडकीबाहेरच्या आंब्याकडे पाहायला लावते. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्या लवणे कमी होऊन डोळे कोरडे पडतात, म्हणून. ते कुरकुरतात, आणि पाहतात.