अंगणातली गाडी आणि आपाचा हिस्सा

मरहूम अब्बांच्या तरक्यात घर होते, थोडी शेती होती. त्यांचा सातबारा आणि उतारे होते, म्हणून सगळ्यांच्या ध्यानात होते. अंगणात ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या गाडीचा विषय आम्ही दोघा भावांनी काढला, तेव्हा एक बुजुर्ग हसून म्हणाले, "भंगाराचा कसला तरका? दुरुस्त करा आणि फिरवा."

गाडी टाटा इस्टेट, १९९६ चे मॉडेल. ही गाडी १९९२ मध्ये बाजारात आली. मागे डिकीचा वेगळा डबा नाही, छप्पर थेट शेवटपर्यंत गेलेले आणि मागे वर उघडणारा मोठा दरवाजा. आमच्या खटल्याच्या घराला याहून सोयीचे काय असणार? वलीम्याच्या दोन देगी, सतरंज्या आणि उरलेल्या जागेत आम्ही मुले. अब्बांची नजर कमी झाली तशी ती उभी राहिली, ती पाच वर्षे हललीच नाही.

दुरुस्ती घरीच करायची ठरली. पण एकही बोल्ट खोलण्याआधी आम्ही किंमत काढली. कारण साधे होते. गाडी चालू झाल्यावर तिची किंमत वाढणार, मग वारसांचे किती आणि आमच्या खर्चाचे किती, हा गुंता कोण सोडवणार? दोन जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांनी पाहून ४०,००० रुपये सांगितले. तरक्यातून आधी कफन-दफन, मग कर्ज, मग एकतृतीयांशाच्या आतली वसीयत. उरेल ते वारसांचे. वसीयत नव्हती. कफन-दफनाचा खर्च आणि गॅरेजवाल्याचे १,८०० रुपये देणे घरात शिल्लक असलेल्या रोकडीतून आधीच फेडले होते. आजी-आजोबा हयात नव्हते. सूरह निसाच्या ११ व १२ व्या आयतींप्रमाणे अम्मींचा आठवा हिस्सा, बाकीच्यात भावाला दोन तर बहिणीला एक. चाळीस भाग केले: अम्मींचे ५, आम्हां दोघांचे १४-१४, आपाचे ७. म्हणजे आपाचे ७,००० रुपये.

आपा म्हणाली, "राहू दे रे, मी माफ केले." हे वाक्य आपल्या घरांतून फार ऐकू येते, आणि बहुधा बहिणीच्या हातात काही पडण्याआधीच वदवून घेतले जाते. आम्ही पैसे तिच्या हातात ठेवले. म्हटले, आता तुझे आहेत, काय करायचे ते कर. तिने मोजून पर्समध्ये टाकले. अम्मींनीही आपले ५,००० घेतले.

मग कामाला लागलो. डिझेलची टाकी उतरवली, तळाशी चिखलासारखा गाळ. १९४८ सीसीचे इंजिन एकदम स्टार्टरने फिरवायचे नाही. हीटर प्लग काढून त्या भोकांतून थोडे ऑइल सोडले, एक रात्र मुरू दिले आणि पाना लावून हाताने फिरवले. फिल्टर बदलून लाइनमधली एअर काढली. ब्रेकचे रबरी पाइप तर न बघताच बदलावेत, वरून चांगले दिसले तरी. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून कोणी खाली शिरले नाही. लाकडी ठोकळे आधी, मग माणूस.

खरे दुखणे पत्र्याचे. चाकांवरच्या कमानी आणि मागच्या दरवाजाची खालची कड गंजून चाळणी झालेली. वेल्डर म्हणाला, लांबी भरून रंग मारू, कळणारही नाही. आम्ही नको म्हटले. गंज कापला, नवा पत्रा जोडला, रेड ऑक्साइड मारला. यात दोन उन्हाळी सुट्ट्या गेल्या. इंजिनाचे बरेचसे सामान टाटांच्या पिकअपचे चालते, कारण दोघांची जात एकच. पण काचा, दिवे, दरवाजाचे रबर यांना भंगारबाजारच पालथा घालावा लागतो.

नाव बदलण्यासाठी आरटीओत फॉर्म ३१ लागतो, जुन्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी फॉर्म २५. सोबत इतर वारसांचे ना हरकत पत्र मागितले. आपाने ते दोनदा वाचले आणि सही करताना म्हणाली, "घराच्या कागदावर मात्र इतक्या लवकर सही मिळणार नाही हं." सगळे हसलो. घराच्या वाटणीची बैठक अजून व्हायची आहे, आणि आपा ते हसून बोलली असली तरी तिथेही आधी किंमत, मग सही, असेच आम्ही धरून चाललो आहोत.

इंजिन आता एका चावीत सुरू होते, अल्हम्दुलिल्लाह. अडले आहे ते मागच्या डाव्या दिव्यावर. तो लागल्याशिवाय पासिंग नाही. कोणाच्या पाहण्यात असेल तर जरूर कळवा.