तठे आपलं कोन शे?

आमच्या घरी प्रवास पिशव्यांनी मोजला जायचा. उधन्याहून गावी निघताना सहा पिशव्या, गावाहून परतताना आठ. जाताना त्यांत बाजारातले कटपीस, आत्यांसाठी साड्या आणि कुणाच्या तरी लग्नाचा आहेर असायचा. येताना दादर ज्वारी, भुईमुगाच्या शेंगा, बिबडे, कुरडया आणि वाळलेली मिरची. लग्न, दहावं, जावळ, बांधाचं भांडण, बहिणीचं बाळंतपण असं काहीतरी निघालं की मोठी माय, म्हणजे आमची आजी, म्हणायची, चला. कारणाशिवाय आमच्यापैकी कुणी गाडीत बसल्याचं आम्हा पाचही भावंडांना आठवत नाही. पाचही म्हणजे आबांची आम्ही तिघं आणि काकांची दोघं. एका ताटात जेवलेल्यांत चुलत-सख्खं कोण मोजतं?

घर म्हणजे उधना स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर, एका ओळीतल्या दोन खोल्या. ओळीतली जवळपास सगळी घरं खानदेशातली होती. कुणी अमळनेरकडचं, कुणी शिंदखेड्याचं, कुणी धरणगावचं. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली हा सगळा पट्टाच तसा. दुकानदाराशी गुजराती, खात्यात म्हणजे कारखान्यात हिंदी, महापालिकेच्या शाळेत मराठी आणि घरात अहिराणी, अशा चार भाषा आमच्या तोंडी एकाच दिवसात येऊन जायच्या. आबा आणि काका दोघंही सांच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, होते. पाळी बारा तासांची. आबांना दिवसपाळी असली की काकांना रातपाळी, पंधरवड्याने उलट. त्यामुळे आमच्या घरात कायम कुणीतरी झोपलेलं असायचं. सकाळी काका, रात्री आबा. खोलीत पाऊल टाकलं की मोठी माय ओठांवर बोट ठेवायची, ‘जपेल शे तो. गलका करू नका.’ आमचं सगळं बालपण या एका वाक्याखाली गेलं. भांडणं आम्ही गल्लीत जाऊन करायचो, पाढे ओठांतल्या ओठांत म्हणायचो.

गंमत अशी की मोठी माणसं स्वतः मात्र ओरडून बोलायची. ज्याने शंभर सांच्यांच्या धडधडीत वर्षं काढली त्याचा आवाज चढलेलाच राहतो, कानही बसतात. खात्यात तर ओठ बघून आणि हातवारे करून बोलायची रीत. आबा ‘पाणी दे’ म्हणाले तरी शेजारच्या घरात कळायचं. आम्हाला वाटायचं, ते सतत रागावलेलेच असतात.

गावाची गाडी उधन्यावरूनच फुटते. तापी खोऱ्यातली ही लाइन १९०० च्या सुमारास झाली. मुंबईकडे जाणारा मोठा रस्ता सोडून रूळ पूर्वेकडे वळतात आणि चलथाण, बारडोली, मढी, व्यारा, सोनगड, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत तीनशेच्या वर किलोमीटरनंतर जळगावला पोचतात. तेव्हा लाइन एकेरी होती. दुहेरीचं काम २०१८ मध्ये संपलं. त्याआधी पॅसेंजर कुठल्याही आडस्टेशनात क्रॉसिंगसाठी अर्धा अर्धा तास उभी राहायची. नवापूर आमचं सगळ्यांत आवडतं. १ मे १९६० ला दोन राज्यं झाली तेव्हा सीमा या स्टेशनाच्या मधून गेली. तिकीटखिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरांची खोली गुजरातेत. रात्रीची गाडी असली तरी थोरला भाऊ आम्हाला हलवून जागं करायचा आणि आम्ही फलाटावर एक पाय इकडे, एक पाय तिकडे टाकून उभे राहायचो. पुढे नंदुरबारजवळ वाळत घातलेल्या मिरचीचा ठसका खिडकीतून आला की माणसं झोपेतच शिंकायची आणि गाव जवळ आल्याचं कळायचं.

तरी हे सगळं आम्ही जाता जाता पाहिलं. पाहायला म्हणून कुठे गेलो नव्हतो.

ते सुरू केलं काकूने. काकूचं माहेर पहूरच्या बाजूचं, जळगावहून अजिंठ्याला जाणाऱ्या रस्त्यावरचं. लहानपणी ती बांधावर उभी राहून गोऱ्या माणसांनी भरलेल्या गाड्या जाताना बघायची. ते कुठून कुठून येतात आणि आपल्या शिवारावरून पुढे कुठे जातात, एवढंच कुतूहल. सातवीत शाळा सुटली, लग्न झालं, उधन्याला आली. पुढे एकदा माझ्या धाकट्या बहिणीच्या पुस्तकात अजिंठ्याचं चित्र निघालं. काकूने पीठमळल्या हाताने ते पान धरलं. पिठाचा अंगठा त्या पानावर वर्षभर राहिला. ‘माझ्या माहेराहून हाकेवर आहे हे,’ ती म्हणाली, ‘आणि मी पाहिलं नाही.’

१९८८ च्या दिवाळीत, लाभपाचमेपर्यंत खाती बंद असताना, तिने जेवणावर विषय काढला. काका काही बोलले नाहीत. आबा म्हणाले, बघू. मोठ्या मायने घास खाली ठेवला आणि विचारलं, ‘तठे आपलं कोन शे?’

तिथे आपलं कोण आहे? आज हा प्रश्न आम्ही आपापसात म्हणून दाखवतो तेव्हा त्यातला धाक कळतो. तिच्या पिढीसाठी प्रवासाच्या दुसऱ्या टोकाला माणूस असायलाच हवा. कुणीतरी स्टेशनवर येणार, पाय धुवायला पाणी देणार, कुणाच्या ओसरीवर पथारी पडणार. जिथे कुणीच वाट बघत नाही तिथे माणूस जातो तो कामाच्या शोधात. तसं जाणं तिने पाहिलं होतं. तिचे दोन मुलगे तसेच सुरतेला उतरले होते. पहिल्या महिन्यात फलाटावर झोपले होते. हौसेने त्याच उघड्यावर जायचं, हे तिला समजेना.

काकूने उत्तर दिलं, ‘कोणीच नाही. म्हणूनच जायचं.’ आणि एक अट घातली. माहेरी जायचं नाही. माहेरी गेलं की पाहुणचार, मग मानपान, मग दोन दिवस चुलीपुढे, आणि लेणी राहून जाणार. सासरी एवढं ठाम बोललेली काकू आम्ही त्याआधी पाहिली नव्हती.

रात्रीच्या पॅसेंजरने निघालो. पिशवी एकच. कळण्याच्या भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कांदे. पहाटे जळगावच्या स्टेशनातल्या नळावर तोंडं धुतली आणि एस.टी. धरली. पहूरजवळ काकूच्या माहेरचा फाटा आला तशी तिने डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढला. कुणी ओळखलं तर गाडीतून उतरवून घेतील. फाटा मागे पडल्यावर पदर वर झाला. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते आम्हा तिन्ही बहिणींना स्वच्छ आठवतं. भावांना ते मुळीच आठवत नाही. त्यांना आठवतात ती माकडं.

डोंगराने घोड्याच्या नालेसारखा बाक घेतलाय, त्याच्या पोटात एका रांगेत लेणी आणि खाली वाघोरा. काही लेणी दोन हजार वर्षांपूर्वीची, बरीचशी पाचव्या शतकातली. मधली कित्येक शतकं ती रानात पडून राहिली. १८१९ मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेला पडली, आणि मग जगाला कळली. आसपासच्या गुराख्यांना ती त्याआधीही ठाऊक असणारच.

चपला काढून पहिल्या लेण्यात शिरलो. आत काळोख. दाराशी पहारेकरी चकचकीत पत्र्यावर बाहेरचं ऊन घेऊन आतल्या भिंतीवर फेकत होता. ऊन जिथे सरकेल तिथे माणसं उगवत होती. राजे, दासी, हत्ती, फुलं. हातात कमळ घेतलेला पद्मपाणी. आम्ही मुलं चेहरे बघत होतो. आबा एका कोपऱ्यात उभे राहिले ते हलेनात. त्यांचं बोट भिंतीपासून वीतभर दूर हवेत चाललं होतं. एका बाईच्या कमरेच्या वस्त्रावर बारीक पट्टे होते. आबा ते पट्टे मोजत होते.

‘इकडे या,’ ते म्हणाले. दगडात तो आवाज असा घुमला की सगळे वळले. आबा दचकले. मग त्यांनी आवाज खाली आणला. इतका खाली की आम्हाला त्यांच्या तोंडाशी कान न्यावा लागला.

‘पट्टा उभा असला तर तो ताण्यातला. बीम भरतानाच रंग ठरवावे लागतात. एकदा भरलं की मग बदल नाही. आडवा असला तर वाण्यातला. मग रंग बदलला की धोटा बदलायचा. हा बघा, हा पट्टा बारीक, लगेच दुसरा, मग परत पहिला. हे हाताचं काम. हा ज्याने विणला तो घाई करणारा नव्हता.’

चित्रकार कोण, राजा कोण, हे त्यांनी विचारलंच नाही. भिंतीवरच्या पंधराशे वर्षांपूर्वीच्या कापडाला ते विणणाऱ्याच्या नजरेने बघत होते. सतराव्या लेण्यात त्यांनी आणखी तसली कापडं शोधली, झिरझिरीत, अंग दिसेल इतकी. प्रत्येक ठिकाणी थांबून सांगत राहिले. तार किती बारीक असेल, फणी किती घट्ट, तुटलेली तार जोडताना बोटं कशी धरावी लागत असतील. रोज बारा तास ते ज्यापुढे उभे राहत त्याविषयी घरात कधी चकार शब्द निघाला नव्हता. घरी ते यायचे, जेवायचे, झोपायचे. आबांना काही येतं, आणि ते त्यांना आवडतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. त्यांना हळू बोलता येतं हेही.

मोठी माय डोलीला नाही म्हणाली. पायऱ्या चढत, बसत, परत उठत ती सव्विसाव्या लेण्यापर्यंत आली. तिथे डाव्या भिंतीला बुद्ध आडवा झालाय, सुमारे सात मीटर लांब, उजव्या कुशीवर, हात उशाशी. महापरिनिर्वाण. खाली शिष्य शोक करत बसलेले. आमचा सर्वांत धाकटा, तीन वर्षांचा, टाळ्या वाजवत घुमणारा आवाज ऐकत होता. मोठ्या मायने वर पाहिलं. पदर सारखा केला, थोरल्या माणसापुढे करतात तसा. ओठांवर बोट ठेवलं.

‘जपेल शे तो. गलका करू नका.’

कुणी हसलं नाही. कुणी तिला दुरुस्तही केलं नाही. ती तिथेच भिंतीला टेकून बसली, पाय चेपत, रातपाळी करून आलेल्या काकांच्या उशाशी बसायची तशी.

भाकरी खाली वाघोऱ्याच्या काठी खाल्ल्या. पावसाळ्याचं पाणी अजून खडकांतून झिरपत होतं. थोरल्या भावाला भूगोलाचं वेड. त्याने सांगितलं, हीच पुढे वाघूर होते, वाघूर तापीला मिळते, तापी प्रकाशावरून उकाईच्या धरणात आणि तिथून सुरतेत. मोठ्या मायने त्याला तीनदा विचारून खात्री केली. मग उठून पाण्यात हात बुडवला आणि ओला हात पाचही जणांच्या डोक्यावरून फिरवला. ‘मंग आपलंच शे,’ ती म्हणाली.

रात्र जळगावच्या मुसाफिरखान्यात काढली. दुसऱ्या दिवशी दिवसाच्या गाडीने परतलो. हातात ओझं नसल्याने सगळे खिडकीशी. अमळनेरला आबांनी साने गुरुजींची शाळा या गावात म्हणून सांगितलं, नंदुरबारला शिरीषकुमारची गोष्ट सांगितली, बारडोलीला १९२८ च्या सत्याग्रहाची. ही स्टेशनं आम्ही वीस वेळा ओलांडली होती. ओळीत पोचल्यावर शेजारणी पिशवी बघायला आल्या, काय आणलं म्हणून. पिशवी रिकामी होती.

त्यानंतर दर वर्षी एक तरी जाणं बिनकामाचं झालं. बहुतेकदा डुमसला. काळी वाळू, टमाट्याची भजी, आणि तापी समुद्राला मिळते त्या बाजूला तोंड करून बसलेली मोठी माय. कधी सापुतारा, एकदा दांडी. काकूने शेवटपर्यंत जागा निवडण्याचा मान सोडला नाही. आता आमची मुलं विमानाने जातात, ठिकाणांच्या याद्या करतात. त्यात वाईट काही नाही, पण मी त्यांना विचारत राहते, सोबत कोण होतं आणि ते तिथे कसं बोलले.

अजिंठ्याला फिरत्या फोटोवाल्याने काढलेला एक फोटो होता. चुलतबहिणीच्या अडाजणच्या घरी, तळमजल्यावर. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीचा पूर आला त्यात तो गेला. म्हणून आता वाद होतात. मोठ्या मायच्या शेजारी कोण उभं होतं? काकूची साडी हिरवी की जांभळी? धाकटा शपथेवर सांगतो की त्याला बुद्ध आठवतो. आम्ही म्हणतो, तुला आमचं सांगणं आठवतं.

गेल्या दिवाळीत डिंडोलीला जमलो तेव्हा हाच वाद चालला होता, तो पट्टा उभा होता की आडवा. आबा पंच्याऐंशीचे आहेत. कान पार गेले. थोरल्याने त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. पलंगावरची चादर हाताने सपाट केली, मान खाली घातली आणि तर्जनीने तिच्यावर रेघा ओढू लागले. एक बारीक, लगेच दुसरी, मग परत पहिली.

‘आडवा,’ ते म्हणाले, सगळ्या ओळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. ‘तीन धोटे लागले असतील.’