पसारा मुलांचा, आवराआवर सगळ्यांची



पहिल्या सत्राची परीक्षा संपली की दिवाळीची सुट्टी लागते. मुलं घरात आणि घर डोक्यावर! कुणाला किल्ला करायचा असतो, कुणाला कंदील, कुणाला नुसतेच कागद कापायचे असतात. आणि त्याच आठवड्यात घरात साफसफाई, फराळ, पाहुणे. मग आई कात्री उचलून कपाटावर ठेवते, डिंकाची बाटली लपवते आणि मुलाच्या हातात मोबाईल देते. घर स्वच्छ राहतं, मूल गप्प बसतं. यात आईचं चुकतं असं मी म्हणणार नाही. तिला दुसरा रस्ता दिसत नसतो. तो रस्ता कसा काढता येईल, यासाठी आजचा हा लेख.

मी पहिली-दुसरीच्या वर्गाला शिकवते. आमच्या शाळेत बरीचशी मुलं इचलकरंजीतल्या यंत्रमाग कामगारांच्या घरची आहेत. एका पालकसभेत मी हस्तकलेचं महत्त्व सांगत होते. दुमडणं, फाडणं, चिकटवणं यातून बोटांचे स्नायू कसे तयार होतात वगैरे. मागच्या रांगेतून एक आई उठून म्हणाली, "बाई, तुमचं सगळं पटतंय. पण दोन खोल्यांत आम्ही पाच माणसं. ह्यांची रातपाळी, दिवसा ते झोपलेले असतात. पोरानं पसारा घालायचा कुठं? आणि घातलेला उचलायचा कोणी? मीच की!"

सभेत हशा पिकला, पण प्रश्न खरा होता. आपण शिक्षक 'मुलांना करू द्या' असं सहज सांगतो. केल्यानंतरचं काम कोणाच्या अंगावर पडतं, हे मात्र सांगत नाही. ते पडतं आईच्या अंगावर. आणि जे काम आईच्या अंगावर पडतं, ते ती एक दिवस बंद करणारच. म्हणून करणं आणि आवरणं हे दोन वेगळे विषय नाहीत. मुलाला आवरता आलं तरच घरात त्याला करायला मिळेल.

हे काही नवीन नाही

मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोममधल्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह सुरू केलं. तिथली मुलं गिरणीतल्या कामगारांसारख्याच कष्टकरी घरांतली. तिथं मुलांच्या मापाची टेबलं-खुर्च्या होत्या, हाताला येतील अशी कपाटं होती आणि झाडणं, पुसणं, बटण लावणं, पाणी ओतणं हाच शिक्षणाचा भाग होता. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ पासून आणि पुढे कोसबाडला हेच काम आपल्या मातीतल्या वस्तू घेऊन केलं. शिंपले, खडे, बिया, पानं ही त्यांची शैक्षणिक साधनं. महागडं साहित्य आणायला पैसे नाहीत म्हणून बालशिक्षण थांबलं नाही. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण हा विचार देशापुढे ठेवला, तोही याच जातीचा. तेव्हा शेजारच्या मुलाकडे शंभर रुपयांचा क्राफ्टचा संच आहे आणि आपल्याकडे नाही, याची खंत कुणीही करू नका.

साहित्य: घरात जे आहे ते

एकदा घरभर नजर फिरवा. जुन्या लग्नपत्रिका, रद्दी, बुटांचे खोके, रिकाम्या काडेपेट्या, बांगड्यांचे पुठ्ठे, नारळाची करवंटी, चिंचोके, शिंप्याकडच्या चिंध्या. आमच्याकडे तर सुताचे रिकामे कागदी कोन मिळतात. एकावर एक ठेवले की मनोरा, उलटा धरला की भोंगा, रंगवला की विदूषकाची टोपी. तुमच्या गावात जे तयार होतं, त्याची टाकाऊ वस्तू शोधा. अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून त्रिकोण, चौकोन, घनाकृती करायला हजारो मुलांना शिकवलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कचऱ्यातून खेळणी ही त्यांची वाट आपल्यालाही मोकळी आहे.

डिंक विकत आणायचीही गरज नाही. खळ करा. एक वाटी पाण्यात दोन चमचे मैदा किंवा कणीक गुठळ्या मोडून कालवा, मंद आचेवर ढवळत राहा, घट्ट आणि चकचकीत झाली की उतरवा. शिजवायचं काम मोठ्यांचं, थंड झाल्यावर ढवळायचं मुलांचं. पूर्वी कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. लहान मुलं असतील तिथे ते अजिबात घालू नका, ते विषारी असतं. लागेल तेवढीच खळ करा, दोन दिवसांत संपवा.

आणखी एक सूचना. घरात तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर चिंचोके, मणी, बटणं त्याच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवा. ती तोंडात जातात, घशात अडकतात. कात्री बोथट टोकाची द्या, पण कागद कापणारी द्या. न कापणाऱ्या कात्रीने मूल वैतागतं आणि काम सोडून देतं.

जागा: जेवढी सतरंजी तेवढा पसारा

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येऊ. जागा कुठे?

एक जुनी चादर, साडीचा तुकडा किंवा गोणपाट घ्या. मुलाला सांगा, ही तुझी जागा. यावर काय वाटेल ते कर, याच्या बाहेर नाही. काम झालं की मोठे तुकडे उचलायचे, चादरीची चार टोकं धरायची, कचरा मध्ये गोळा होतो, तो डब्यात झटकायचा. चादरीची घडी घालून खोक्यात ठेवायची. संपलं. दोन खोल्यांच्या घरात चार फूट जागा तास-दीड तास मिळू शकते. वडील झोपले असतील तर आवाज न होणारी कामं काढायची: कागद दुमडणं, चिंध्या रंगाप्रमाणे वेगळ्या करणं, चिंचोके दहा-दहाच्या ढिगात मांडणं. ठोकाठोकी संध्याकाळी.

साहित्यासाठी तीन डबे पुरतात. एक कापायचं-चिकटवायचं सामान, एक कागद-पुठ्ठे, एक 'अर्धवट राहिलेलं काम'. हा तिसरा डबा फार महत्त्वाचा. मुलाचं अर्धं काम आपण कचरा समजून फेकतो, मग मूल रडतं आणि आपल्याला वाटतं, एवढ्याशा पुठ्ठ्यासाठी काय रडायचं! त्याच्या दृष्टीनं तो पुठ्ठा नसतो, ट्रक असतो, फक्त चाकं लावायची राहिलेली असतात. प्रत्येक डब्यावर आतल्या वस्तूचं चित्र मुलाकडूनच काढून चिकटवा. वाचता येऊ लागलं की चित्राखाली शब्द. डबे मुलाच्या हाताला येतील एवढ्या उंचीवर हवेत. कपाटावरचा डबा हा आईचा डबा होतो, मुलाचा नाही.

'आवर' म्हणजे नक्की काय करायचं?

आपण म्हणतो, "पसारा आवर बरं आधी!" चार-पाच वर्षांच्या मुलाला हे वाक्य कळतच नाही. कुठून सुरुवात करायची? काय कुठे ठेवायचं? म्हणून ते तिथंच उभं राहतं आणि आपल्याला वाटतं ऐकत नाही. त्याऐवजी एका वेळी एकच गोष्ट सांगा. "सगळे खडू निळ्या डब्यात." ते झालं की, "आता कागदाचे कपटे उचल." थांबायच्या पाच मिनिटं आधी सूचना द्या, खेळ रंगात असताना एकदम उठवू नका. सुरुवातीचे आठ-दहा दिवस शेजारी बसून त्याच्याबरोबर आवरा. तुम्हीच सगळं आवरून टाकू नका आणि एकट्यावर सोडूनही देऊ नका.

वयाप्रमाणे घरातली कामं अशी देता येतील:

तीन ते चार वर्षं: मटार सोलणं, कांदे-बटाटे वेगळे करणं, धुतलेले चमचे पुसून ठेवणं, चपला जोडीनं लावणं.

पाच ते सहा वर्षं: रुमाल-पंचांच्या घड्या, मोज्यांच्या जोड्या, झाडांना पाणी, आपला डबा धुवायला काढून ठेवणं.

सात ते आठ वर्षं: ताटं-पाणी घेणं, अंथरूण घालणं-काढणं, केर काढणं, दप्तर आदल्या रात्री भरणं.

यात शिक्षण कुठे आहे, असं विचाराल तर बघा. मोज्यांच्या जोड्या म्हणजे वर्गीकरण. रुमालाची घडी म्हणजे अर्धा, पाव, चौकोन, त्रिकोण. पाच माणसांची पाच ताटं म्हणजे एकास एक संगती. आणि भाषा? एक कंदील करताना मूल दुमडतं, कातरतं, चिकटवतं, ओवतं, गुंडाळतं, ताणतं, बांधतं, उसवतं, सांधतं. इतकी क्रियापदं पुस्तकाच्या एका धड्यात सापडत नाहीत. ज्या मुलानं हातानं सांधलंय, त्याला 'सांधणे' चा अर्थ सांगावा लागत नाही.

मुलगा असो वा मुलगी

इथे थोडं स्पष्ट बोलते. भावंडं दोन असतील तर पसारा दोघांचा असतो, पण "केर काढ गं" हे बहुतेक वेळा मुलीलाच ऐकू येतं. मुलगा ते बघत असतो. पहिलीत आलेला सहा वर्षांचा मुलगा मला सांगतो, "बाई, झाडू मुली मारतात." हे त्याला कोणी धडा म्हणून शिकवलेलं नसतं, घरात बघून बघून तो शिकलेला असतो. म्हणून वर्गातल्या सफाईच्या गटात आम्ही मुलंमुली मिसळून घेतो आणि काम दर आठवड्याला बदलतो. घरीही तसंच करा. चिठ्ठ्या टाका, ज्याला जे येईल ते त्यानं करायचं. आजी कुरकुरतील, "पोराच्या हातात झाडू कशाला?" त्यांच्याशी वाद घालू नका. नातवानं घातलेलं अंथरूण त्यांनाच दाखवा.

आणि बाबा? त्या सभेतल्या आईचंच पुढचं सांगते. सुट्टीनंतर तिचा मुलगा कंदील घेऊन वर्गात आला. बांबूच्या कामट्यांचा, थोडा वाकडा, पतंगी कागद चिकटवलेला. कामट्यांच्या सांध्यावर सुताच्या बारीक, घट्ट गाठी होत्या. मी विचारलं, "ह्या गाठी कुणी मारल्या?" तो म्हणाला, "पप्पांनी. मागावर धागा तुटला की ते अशीच गाठ मारतात. मला पण शिकवली." मग मधल्या सुट्टीत त्यानं ती गाठ चार-पाच जणांना शिकवली. लिहिताना मागे पडणारा तो मुलगा, त्या दिवशी वर्गाचा गुरुजी होता. रातपाळीच्या माणसाला मुलासाठी वेळ नसतो असं आपण धरून चालतो. त्याला अभ्यास घेता येत नसेल, पण त्याच्या बोटांत जे कसब आहे ते मुलाला द्यायला अर्धा तास पुरतो. सुतार, शिंपी, गवंडी, शेतकरी, कुणीही असा, तुमच्या घरात एक शाळा आहे.

या सुट्टीत एवढं करा

पालकांनी: किल्ला किंवा कंदील यापैकी एकच काम घ्या. कंदील सोपा हवा असेल तर जाड कागद मधोमध दुमडा, दुमडलेल्या बाजूनं एक-एक बोटाच्या अंतरावर सरळ चिरा द्या, वरची कड मात्र कापू नका, उलगडून नळकांडं करा. झाला कंदील. आत पणती नको, छोटा एलईडी दिवा लावा. किल्ला करणार असाल तर हळीव पेरा, दोन-तीन दिवसांत हिरवं रान दिसायला लागतं. दगड-माती परत जागेवर नेऊन टाकणं हाही किल्ल्याचाच भाग आहे हे आधीच ठरवा. आणि कृपा करून स्पर्धेसाठी तुम्ही स्वतः किल्ला बांधून मुलाला शेजारी उभं करू नका. वाकडा बुरूज चालेल, तो त्याचा असू दे.

शिक्षकांनी: सुट्टीच्या गृहपाठात शुद्धलेखनाची पानं थोडी कमी करा आणि एक पान असं द्या: 'मी काय केलं, कशापासून केलं, कोणी मदत केली, आणि आवरलं कोणी?' शेवटचा प्रश्न गाळू नका. सुट्टीनंतर ही पानं वर्गात वाचून घ्या. चौथ्या प्रश्नाचं उत्तर किती पानांवर 'आईनं' आहे आणि किती पानांवर 'आम्ही' आहे, ते मोजा. जूनमध्ये पुन्हा मोजा. आपल्या शिकवण्याचा काही उपयोग झाला की नाही, ते तिथं कळेल.

सर्वांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा.