ब्रेक नसलेल्या गाडीची बहस

नीरेच्या काठची आमची सांगवी. बारामती-फलटण रस्त्यावरचं गाव. नदी ओलांडली की सातारा जिल्हा सुरू. आम्ही इथले नालबंद. आजोबांच्या हातात हातोडी, खिळे आणि पत्र्या. माळेगावच्या कारखान्याला ऊस वाहणारे बैल आमच्या दारात यायचे. बैलाला दोरानं आडवा पाडायचा, पाय बांधायचे आणि खुराच्या दोन्ही फाकांना दोन पत्र्या ठोकायच्या, असं ते काम. अब्बांच्या काळात दारातले बैल कमी झाले, राजदूत आणि येझदी वाढल्या. अब्बांनी हातोडी टाकली नाही, तिच्याशेजारी पाने आणून ठेवले. आज त्याच जागेवर आम्हा तिघा भावांचं गॅरेज आहे. या लेखात आम्ही 'आम्ही' म्हणतो ते मोठेपणासाठी नाही. लिहिणारा एक असला तरी बोलणारे तिघे आहेत, आणि गॅरेजसमोरच्या बाकावर बसणारे त्याहून जास्त.

बाक म्हटलं की बहस आलीच. पूर्वी ती बैलांची असायची. आमच्या भागात छकड्या समोरासमोर पळतात. आधी गट, गटातून सेमीफायनल, मग फायनल. सगळा निकाल एका दिवसात. तिकडं खेड, आंबेगाव, जुन्नरला घाट असतो. तिथं एका वेळी एकच गाडा पळतो आणि निकाल घड्याळ देतं. मग प्रश्न पडायचा की खरा बैल कोणता? शेजारच्या बैलाला हरवणारा, की घड्याळाला हरवणारा? आमच्या बाकावरचे आप्पा पहिल्या पक्षाचे. त्यांनी स्वतः छकडी पळवलेली. गुरुजी दुसऱ्या पक्षाचे, कारण घड्याळ कुणाचं तोंड बघत नाही, असं त्यांचं म्हणणं.

२०११ साली केंद्र सरकारनं बैलाला खेळ-प्रदर्शनासाठी बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत घातलं. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यतींवर पूर्ण पडदा पडला. त्या वर्षांत बाकावर माणसं बसायची, पण बोलायला विषय उरला नव्हता. त्याच सुमारास लीस्टरला असलेल्या आमच्या चुलतभावानं मोबाईलवर एक चित्रफीत पाठवली. लीस्टरला स्पीडवेचा संघ आहे, तिथं तो शनिवारी जायचा. सोबत एकच ओळ लिहिली होती, "भाईजान, ये गाडी खोल के देखो."

आम्ही पाहिली. लांबट गोल मैदान, खाली बारीक खडीची माती. चार गाड्या, चार फेऱ्या, साधारण एका मिनिटाचा खेळ. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, शेवटच्याला भोपळा. गाडी ५०० सीसीची, मिथेनॉलवर चालणारी, एकाच गिअरची. आणि तिला ब्रेक नाही. पुढंही नाही, मागंही नाही.

आमचे चाचा त्या दिवशी बाकावर होते. त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन विचारलं, "बेरेक नै तो गाडी रुकती कैसी रे?"

या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात आमचा एक महिना गेला. गाडी थांबवायची नसते, घसरवायची असते. वळण कायम डावीकडं. स्वार मागचं चाक मुद्दाम बाहेर सोडतो, हँडल उजवीकडं मारतो आणि अ‍ॅक्सिलेटर पिळतो. पुढचं चाक उजवीकडं बघतंय आणि गाडी डावीकडं चाललीय, असा सगळा उलटा कारभार. वेग काबूत येतो तो त्या घसरण्यामुळंच. त्या वेळी स्वाराचा डावा पाय जमिनीवर टेकून फरफटत असतो, म्हणून त्या पायातल्या बुटाखाली पोलादी तळ बसवलेला असतो. तो तळ पाहिला आणि चाचा खूश झाले. म्हणाले, हे तर आपलंच काम. माणसाला नाल मारलीय.

आणखी एक नातं सापडलं. चेकोस्लोव्हाकियातल्या दिविशोव गावात एसो नावाच्या कारखान्यात स्पीडवेच्या गाड्या बनत. १९६४ साली तो कारखाना जावामध्ये सामील झाला आणि पुढं कित्येक वर्षं मोठमोठे स्वार जावावर पळाले. हीच जावा म्हैसूरला आली आणि तिचीच पुढं येझदी झाली. अब्बांनी जिचं कार्ब्युरेटर डोळे मिटून खोललं असतं, तिची सख्खी चुलत बहीण पोलंड-स्वीडनच्या मातीत जगज्जेते घडवत होती. एवढं कळल्यावर स्पीडवे आम्हाला परका राहिला नाही.

मग बाकावर नवी बहस उभी राहिली. सर्वांत मोठा स्वार कोण?

तीन नावं आहेत. न्यूझीलंडचा आयव्हन मॉगर, स्वीडनचा टोनी रिकार्डसन आणि पोलंडचा बार्तोश झ्मार्झलिक. २०२५ अखेर तिघांचीही सहा-सहा जगज्जेतेपदं झाली. मॉगरची १९६८, ६९, ७०, ७२, ७७ आणि ७९. रिकार्डसनची १९९४, ९८, ९९, २००१, २००२ आणि २००५. झ्मार्झलिकची २०१९, २०२०, २०२२, २०२३, २०२४ आणि २०२५. आकडा सारखा असल्यामुळं वाद मिटत नाही. आणि तो मिटू नये अशी सोय खेळाच्या नियमांनीच करून ठेवली आहे.

१९९४ पर्यंत जगज्जेता एका रात्रीत ठरायचा. पात्रता फेऱ्यांतून आलेले सोळा स्वार, वीस शर्यती, प्रत्येकाला पाच संधी, आणि आखणी अशी की प्रत्येकाची प्रत्येकाशी एकदा गाठ पडावी. पाचही जिंकल्या तर १५ गुण. १९९५ पासून ग्रां प्री आली. वर्षभर वेगवेगळ्या देशांत मैदानं आणि शेवटी गुणांची बेरीज.

आप्पा अर्थातच मॉगरचे. त्यांचं म्हणणं, मैदान एकाच दिवसाचं असावं. वर्षभर बेरीज करायला ती काय पतपेढी आहे? मॉगरनं सहाही पदं एका रात्रीच्या खेळात घेतली. त्या रात्री पोट बिघडलं, तार तुटली, पाऊस आला तरी दुसरी तारीख नाही. शिवाय आम्हा मिस्त्री लोकांना मॉगर जवळचा वाटतो. तरुणपणी तो इंग्लंडला गेला, विंबल्डनच्या संघात जमलं नाही, घरी परतला आणि १९६३ साली न्यूकॅसलच्या संघातून पुन्हा उभा राहिला. गाडीच्या तयारीत तो कमालीचा काटेकोर होता.

गुरुजी यावर १९७३ काढतात. पोलंडमधलं खोझुव, लाखभर प्रेक्षक. मॉगर आणि पोलंडचा येझी श्चाकिएल यांचे गुण सारखे झाले. निकालासाठी दोघांची जादा शर्यत लावली, तीत मॉगर पडला आणि श्चाकिएल जगज्जेता झाला. पोलंडला दुसरा जगज्जेता मिळाला तो थेट २०१० साली, टोमाश गोलोब. गुरुजी विचारतात, त्या रात्री श्चाकिएल मॉगरपेक्षा मोठा होता का? एका रात्रीचा न्याय हा न्याय की नशीब? आप्पा शांतपणे सांगतात, सहा वर्षांनी त्याच खोझुवच्या मैदानावर मॉगर जिंकला, चाळिशीला टेकलेला असताना. मैदानानं घेतलं ते मैदानानंच परत दिलं.

गुरुजींचा स्वार रिकार्डसन. कारण सोपं. १९९४ ची शेवटची एका रात्रीची फायनल त्यानंच जिंकली, डेन्मार्कच्या व्होयेन्सला. नंतरची पाच पदं ग्रां प्रीमधली. या तिघांत दोन्ही परीक्षा पास झालेला तो एकटाच. गुरुजींना असा विद्यार्थी आवडणारच.

पोरं झ्मार्झलिकची. मुंबई इंडियन्सची जर्सी घालून बसतात आणि वाद घालतात पोलंडच्या माणसासाठी. आम्ही त्यांना खिजवतो. २०२१ चा विजेता अर्तेम लागुता रशियाचा. युक्रेनच्या युद्धामुळं २०२२ मध्ये रशियाच्या स्वारांना बाहेर ठेवलं, मग ते पद पुरं कसं? पोरं २०२३ सांगतात. व्होयेन्सला पोशाख नियमाप्रमाणं नव्हता म्हणून झ्मार्झलिकला त्या मैदानातून बाद केलं, हातची आघाडी घटली, तरी शेवटच्या मैदानात त्यानं पद राखलं. आणि २०२५ ला, त्याच व्होयेन्सला, ऑस्ट्रेलियाच्या ब्रेडी कुर्त्झला त्यानं मागं ठेवलं ते अवघ्या एका गुणानं. वर्षभराची बेरीज आणि फरक एकाचा. मग एका रात्रीचा थरार वेगळा तो काय राहिला? या मुद्द्यावर आप्पांनी पानाची चंची काढली. म्हणजे मुद्दा लागला होता.

आता कुणी म्हणेल, सांगवीच्या लोकांना या गोऱ्या स्वारांचं एवढं काय पडलंय? पडलंय, आणि त्याचं कारण सांगायलाच हा लेख लिहितो आहोत.

खेळाची बहस आम्हाला लहानपणापासून प्रिय, पण एका खेळाच्या बहसीत आम्ही मोकळे नसतो. क्रिकेटमध्ये समोर ठरावीक संघ असला की आम्ही टाळी कधी वाजवतो, उसासा कधी टाकतो, हे कुणीतरी बघतंय असं वाटत राहतं. बहुतेक वेळा कुणी बघत नसतं. पण वाटतं, हे नाकारून काय उपयोग? आमच्यातले कित्येक जण चौकार जरा जास्तच मोठ्यानं साजरा करायला शिकले, आणि ते शिकणं आम्हाला सर्वांत जास्त बोचतं. २४ ऑक्टोबर २०२१ ला दुबईत भारत पाकिस्तानकडून दहा गडी राखून हरला. खेळले अकरा जण, पण शिव्या पडल्या त्या मोहम्मद शमीला, आणि त्या गोलंदाजीसाठी नव्हत्या. विराट कोहलीनं जाहीरपणे शमीची बाजू घेतली, ते आम्ही विसरलेलो नाही. पण त्या आठवड्यात आमच्या बाकावर कुणी बसलं नाही. कुणी काही बोललं होतं असंही नाही. लोक गाडी लावायचे, काम सांगायचे आणि उभ्यानंच निघून जायचे. आम्हीही चहा मागवला नाही.

पाचव्या दिवशी आप्पा आले. बाकावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "काय रे पोरांनो, तुमच्या झ्मार्झलिकला त्या रशियावाल्यानं धूळ चारली, त्याचा हिशोब राहिलाय की द्यायचा." लागुतानं जेतेपद घेऊन तीन आठवड्यांहून जास्त झाले होते. आप्पांना तेव्हाच आठवलं, हे काही खरं नव्हे. त्यांना बाक भरायचं होतं. अर्ध्या तासात गुरुजी आले, पोरं आली, आणि चाचा "कट टाको, कट" म्हणून ओरडू लागले. त्या संध्याकाळी कोण पोलंडचा आणि कोण स्वीडनचा यावरून आम्ही गळा काढून भांडलो, आणि कुणीही कुणाची निष्ठा तपासली नाही. मुद्दा तेवढा तपासला. पुढं १६ डिसेंबर २०२१ ला न्यायालयानं शर्यतींना परवानगी दिली, १८ मे २०२३ ला घटनापीठानं कायदाही वैध ठरवला आणि बैल परत आले. पण स्पीडवे गेला नाही. आता बाकावर दोन्ही चालतात.

या बहसीत एक चौथं नाव आम्ही तिघे भाऊ लावून धरतो. ब्लुई विल्किन्सन, ऑस्ट्रेलियाचा. १९३६ साली लंडनच्या वेंब्लीवर पहिली जागतिक फायनल झाली. विल्किन्सन पाच शर्यती पळाला आणि पाचही जिंकला. त्या रात्री त्याला कुणीच हरवलं नाही. तरी तो तिसरा आला. कारण त्या वर्षी आधीच्या फेऱ्यांतले बोनस गुण धरून बेरीज करायची होती, आणि तशी केल्यावर त्याचाच देशबांधव लायनेल व्हॅन प्राग पुढं गेला. नियम आधी जाहीर होता, फसवणूक कुणी केली नाही. विल्किन्सननं १९३८ ला पद मिळवलंही. पण १९३६ ची ती रात्र आम्हाला सोडत नाही.

कारण ती बेरीज आमच्या ओळखीची आहे. आम्ही मराठीत बोलतो, मराठीत भांडतो, मराठी शाळेत शिकलो. मेलो तर या काळ्या मातीतच जाणार. रोजच्या पाचही शर्यती पळून होतात आणि मग एखादा पाहुणा कौतुकानं म्हणतो, "तुमचं मराठी किती छान आहे हो!" बोलणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण आमच्या ध्यानात येतं की बोनसच्या रकान्यात आमच्या नावापुढं काही मांडलेलं नव्हतं.

गुरुजींना हे एकदा सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, १९९४ पर्यंत टिकलेली ती वीस शर्यतींची आखणी त्यासाठीच चांगली होती. सगळे कोरी पाटी घेऊन यायचे आणि सगळ्यांशी एकदा पळायचे. घड्याळाच्या पक्षातले गुरुजी त्या दिवशी आप्पांच्या पक्षात गेले. आप्पांनी मात्र पक्ष सोडला. म्हणाले, असं असेल तर वर्षभराची मालिकाच बरी. एका रात्री कुणावर अन्याय झाला तर पुढच्या मैदानात भरून काढता येतो.

सर्वांत मोठा कोण, ते आमचं अजून ठरलेलं नाही. मात्र बाकाचे दोन नियम ठरले आहेत. पोरांनी कालव्याच्या रस्त्यावर घसरवायचे प्रयोग करायचे नाहीत. त्या गाडीला ब्रेक नसतो, पण समोरून ऊसाची ट्रॉलीही येत नसते. ज्यानं ब्रेक सोडून मागितले, त्याची गाडी आम्ही हातात घेत नाही. आणि दुसरा नियम, मुद्द्याला उत्तर मुद्द्यानं द्यायचं, मुद्दा मांडणाऱ्याच्या घराण्यानं नाही. पहिला नियम आम्ही भावांनी केला. दुसरा कुणी केला ते कुणालाच आठवत नाही, पण तो मोडला की आप्पा टोपी उचलतात, आणि मग समोरच्याला आपला शब्द मागं घ्यावा लागतो.