काटा किती चढला?

‘कॉम्प्रेशन’ म्हटलं की आपल्याला आठवतो तो थर्मोच्या पेपरातला पी-व्ही डायग्राम. पाठ केला, काढला, मार्क पदरात पाडले, विषय संपला! पण मित्रांनो, आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर याच कॉम्प्रेशनवर घरं चालतात.

माझ्या काकांची छोटी फायबरची होडी आहे. तिच्या मागच्या फळीला लावायचं मशीन म्हणजे टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरचं आउटबोर्ड. पावसाळाभर ते पडवीत झाकून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की पुन्हा होडीवर चढवतात. गेल्या वर्षी पौर्णिमेला आठवडा असताना मी घरी गेलो, ते गॅरेजवाल्या मित्राचा कॉम्प्रेशन गेज घेऊनच. काका हसले. “दोन हिसक्यांत सुरू होता, मगे तुझ्या काट्याक काय इचारूचा?”

खरी गोम इथेच आहे. सुरू होणारं मशीन निरोगी असतंच असं नाही. एक सिलिंडर धडधाकट असला की तो आजारी भावालाही ओढून नेतो.

आधी मशीन पाण्याच्या पिंपात उभं करून थोडं गरम केलं. कोरडं चालवलं तर पाण्याच्या पंपातला रबरी इंपेलर जातो. मग दोन्ही प्लग काढले, प्लगच्या वायरी अर्थ केल्या आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवला. थ्रॉटल बंद असेल तर हवाच आत येत नाही आणि काटा उगाच कमी दाखवतो. प्लगच्या भोकात गेज घट्ट बसवून दोरी सहा वेळा ओढली. दोन्ही सिलिंडरना सारखेच हिसके, नाहीतर तुलना फुकट.

आउटबोर्डची क्रँकशाफ्ट उभी, त्यामुळे सिलिंडर आडवे, एकावर एक. वरच्याचा काटा 118 पीएसआयवर थांबला, खालच्याचा 84 वर! दोघांत दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत फरक चालतो. इथे तो जवळजवळ तीस टक्के होता.

टू-स्ट्रोकच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह नसतात, म्हणून आरोपीही मोजकेच: रिंग, पिस्टन, सिलिंडरची भिंत, नाहीतर हेड गॅस्केट. खालच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं. काटा शंभरावर गेला. ऑइलने फट तात्पुरती बुजली, म्हणजे गॅस्केटपेक्षा संशय रिंगवर जास्त.

काका गप्प झाले. मशीन खोलायचं म्हणजे खर्च आणि हंगामाचे पहिले दिवस होडी वाळूवर. शेवटी काकीच म्हणाली, “पोराचा जरा आयका.”

मेकॅनिकने हेड उघडलं. रिंग कार्बनमध्ये चिकटून बसली होती, पिस्टनवर उभे ओरखडे. कारण सापडलं खालच्या कार्ब्युरेटरमध्ये. जेट अर्धा चोंदलेला. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच येतं. ज्या सिलिंडरला पेट्रोल कमी, त्याला ऑइलही कमी. बिचारा उपाशीही आणि कोरडाही! असाच चालला असता तर पिस्टन कधीतरी जाम झाला असता, आणि ते ‘कधीतरी’ किनाऱ्याजवळच येईल याची हमी कोण देणार?

पौर्णिमेनंतर पाच दिवस शेजारच्या होड्या बांगडा घेऊन येत होत्या आणि आमची उभी होती. काका रोज संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन बघून येत. मला एका शब्दाने बोलले नाहीत. पण ते पाच दिवस मला सेमिस्टरपेक्षा लांब वाटले. सहाव्या दिवशी नवी रिंग, साफ कार्ब्युरेटर, आणि काटे 118 आणि 115.

एकट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. तो शेजारच्या सिलिंडरशी आणि गेल्या वर्षीच्या स्वतःशी ताडून पाहिला की बोलू लागतो. पडवीच्या भिंतीवर आता खडूने तारीख आणि ते दोन आकडे लिहिलेले आहेत. काकांच्या अक्षरात.