म्हाळसा वर, बानू खाली

म्हाळसा गेली त्याच्या पुढच्याच आठवड्यात मुलाचा होस्टेलवरून फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने विचारलं, "आई, त्या रात्री सुरुवात नक्की कुणी केली होती गं?" इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याने कधी विचारला नव्हता. तो बानूच्या बाजूचा, कारण बानूला शर्टात गुंडाळून घरी आणलं ते त्यानेच. म्हाळसा असताना विचारलं असतं तर ती तिच्याविरुद्धची तक्रार ठरली असती, म्हणून तो गप्प राहिला असावा. फोनवर मला धड सांगता आलं नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

चाकणहून आम्ही मानेसरला आलो ते यांच्या बदलीमुळे. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांतली बरीच माणसं या दोन गावांमध्ये अशीच फिरत असतात. इथेही कंपन्यांच्या बसगाड्या, ट्रेलरच्या रांगा, पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर उसळणारी गर्दी. वेगळी होती ती अरवली. आयएमटी या औद्योगिक वसाहतीच्या सेक्टर एकमधल्या आमच्या घराच्या गच्चीवरून तिची बुटकी, काटेरी रांग दिसते. मधल्या रिकाम्या प्लॉटांवर मोर येतात, रात्री नीलगायी उतरतात. २०१७ च्या ऑक्टोबरात तर मारुतीच्या कारखान्यात बिबट्या शिरला होता आणि त्याला बेशुद्ध करून बाहेर काढायला दीड दिवस लागला होता. त्यानंतर रात्री कुत्री भुंकू लागली की आमच्या गल्लीत खिडक्या बंद व्हायच्या.

सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, आमच्याबरोबरच आल्या. सासवडजवळच्या गावातला वाडा दोन भावांत वाटला गेला आणि मधल्या चौकातून भिंत उठली, ती त्यांच्या डोळ्यांसमोर. भिंतीच्या अलीकडे थोरले दीर, पलीकडे आम्ही. आत्या कुठल्याच बाजूला राहिल्या नाहीत. पुढे चंपाषष्ठीला गावाकडे गेल्या तरी मुक्काम जेजुरीत करायच्या आणि वाड्यावरून न जाता परतायच्या. दोघा भावांचं बोलणं बंद होतं आणि आमच्या घरात त्या विषयाचं नाव निघत नसे.

कासन गावाच्या रस्त्यावर सापडलेल्या पहिल्या पिल्लाचं नाव आत्यांनीच ठेवलं, म्हाळसा. कुत्रं हे खंडोबाचं जनावर, घराण्याचा देव दारात आला, असं त्यांचं म्हणणं. दीड-दोन वर्षांनी मुलाने बांधकामाच्या वाळूच्या ढिगावरून दुसरी उचलून आणली, तेव्हा तिचं नाव बानू ठरायला क्षणही लागला नाही. खंडोबाची पहिली बायको म्हाळसा, दुसरी धनगराची बानू. वाघ्या-मुरळीच्या गाण्यांतून त्या दोघी सवती किती भांडतात हे आत्यांना तोंडपाठ होतं. आमच्या दोघी मात्र भांडत नव्हत्या. एका चटईवर झोपायच्या. बानू म्हाळसाच्या पाठीवर मान टाकायची आणि म्हाळसा टाकू द्यायची. अशी काही वर्षं गेली.

ती रात्र २०१९ च्या जानेवारीतली. मानेसरला जानेवारीत असं धुकं पडतं की समोरच्या घराचा दिवाही दिसत नाही. हे रात्रपाळीला गेले होते. वीज गेलेली. नीलगायींचा कळप आमच्या फाटकापाशी आला असावा, कारण दोघी एकदम उठून अंगणात धावल्या. फाटकाच्या गजांना छात्या लावून दोघी खांद्याला खांदा भिडवून भुंकत होत्या. बाहेर खुरांचा आवाज येत होता, दिसत काही नव्हतं, आणि बाहेर जाताही येत नव्हतं.

मग भुंकणं थांबलं. कुत्र्यांची खोटी भांडणं मी शेकड्यांनी पाहिली आहेत, ती फार गोंगाटाची असतात. ही तशी नव्हती. फक्त धापा, नखं फरशीवर घासल्याचा आवाज आणि दात आपटल्यासारखं काहीतरी. मुलाने आतून टॉर्च आणला. उजेडात दिसलं ते असं: म्हाळसाच्या जबड्यात बानूचा कान आणि मानेचा भाग, बानूचे दात म्हाळसाच्या पुढच्या पायात, आणि दोघी जवळजवळ स्थिर. दोघींचे डोळे माझ्याकडे होते, पण मला ओळखत नव्हते.

मी म्हाळसाचा पट्टा धरून ओढलं. त्याने तिची पकड आणखी घट्ट झाली. दुसरा हात बानूच्या तोंडाजवळ गेला आणि मनगटातून कळ आली. ते दात तिच्या शत्रूसाठी होते, वाटेत माझा हात आला. मुलगा ओरडत होता, "बानूला सोडव, आई, बानूला!" मी त्याला पाणी आण म्हणाले, पण त्याचे पाय हलत नव्हते.

आत्या आल्या त्या अंगावरची गोधडी घेऊनच. जुन्या लुगड्यांची, जड, चार थरांची. त्यांनी ती दोघींच्या डोक्यांवर टाकली आणि वरून दाबून धरली. त्या काळोखात कुणाची पकड आधी सुटली ते कुणालाच कळलं नाही. आत्यांनी बानूचे मागचे पाय धरून तिला उलटं ओढत पायरीपर्यंत नेलं, मी म्हाळसाला गोधडीसकट बखोटीला मारून जिन्यावरून वर घेऊन गेले आणि खोलीचं दार लावलं. खाली आत्यांनी स्वयंपाकघराचं दार लावलं. म्हाळसा वर, बानू खाली, हे त्या घाईतच ठरलं.

गडबड ऐकून शेजारचे निवृत्त सुभेदार आले. ते सैन्याच्या श्वानपथकात होते, सैन्याच्या पशुवैद्यकीय दलाच्या, म्हणजे आरव्हीसीच्या, मेरठच्या केंद्रात शिकलेले. माझं मनगट पाहून ते म्हणाले, "भाभीजी, हाथ बीच में कभी नहीं." मग आत्यांच्या गोधडीकडे पाहिलं आणि त्यांना नमस्कार केला. डोळ्यांवर काळोख टाकणं आणि मागचे पाय धरून मागे ओढणं हेच त्यांनाही शिकवलेलं होतं. आत्यांना ते कुणी शिकवलं नव्हतं. लहानपणी वाड्यावर मेंढरं बसायला यायची आणि धनगरांची कुत्री झुंजायची, तेव्हा पाहिलेलं.

मुलाच्या प्रश्नाचं उत्तर यानंतर महिनाभराने मिळालं. म्हाळसाची मागची दाढ हिरडीखाली सडलेली निघाली. फाटकापाशी बानूचा धक्का तिच्या जबड्याला लागला असणार. बाहेर जो चिडवत होता त्याच्यापर्यंत दात पोचत नव्हते, ठणका तर उठलेला, आणि शेजारी बानू होती. सुभेदारांनी असं पाहिलं होतं: कुंपणापलीकडचा राग कुंपणाअलीकडच्या सोबत्यावर उतरतो. तेव्हा बाळा, सुरुवात कुणी केली म्हणशील तर ठणक्याने केली.

दाढ काढली, तरी समेट झाला नाही. माणसांनी सल्ले दिले. एक देऊन टाका, हा सर्वांत सोपा. यांच्या कंपनीतल्या एकाने सांगितलं की घरात सगळ्यात वरचं कुत्रं कोण हे ठरत नाही म्हणून भांडण आहे, बानूला उताणी पाडून दाबून धरा, तिला तिची जागा दाखवा. मला ते पटेना, म्हणून मी वाचायला लागले. ही 'अल्फा'ची कल्पना रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या निरीक्षणांतून आली, आणि ते लांडगे बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेले होते. अमेरिकेतले डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती जगभर नेली. पण पुढे याच मेक यांनी उत्तर ध्रुवाकडच्या एल्समीर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं, एवढंच. मोठी झालेली पोरं आपणहून निघून जातात. आपलंच जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून ते प्रकाशकाला विनवत राहिले. मला ते वाचून त्या माणसाबद्दल फार आदर वाटला.

टफ्ट्स विद्यापीठातल्या पशुवैद्यांचा २०११ चा अभ्यासही वाचला, एकाच घरात भांडणाऱ्या ३८ जोड्यांचा. बहुतेक जोड्या एकाच लिंगाच्या होत्या आणि कुरापत काढणारं कुत्रं बहुधा नंतर आलेलं किंवा वयाने लहान. आमच्याकडे उलटं झालं होतं, पण दोघी माद्या होत्या हे जुळत होतं. मालकाचं लक्ष कुणाकडे जातं यावरूनही ठिणगी पडते, असं त्यात होतं. हे मी आत्यांना वाचून दाखवलं. त्या भाजी निवडत होत्या. "जायला जागा असली का भांडान रानात सुटतं," त्या म्हणाल्या. "ह्यांना कुठली जागा? आपुनच तर फाटक लावून ठिवलंय."

वाड्याबद्दल त्या माझ्याशी जे बोलल्या, ते तेव्हाच, आणि तेही बोलल्या कुत्र्यांबद्दल.

मी हट्टाला पेटले होते. सुभेदारांच्या सांगण्यावरून रोज पहाटे दोघींना वेगवेगळ्या पट्ट्यांनी फिरायला नेऊ लागलो, म्हाळसा माझ्याकडे, बानू मुलाकडे, आधी रस्त्याच्या दोन कडांनी, मग हळूहळू जवळ. कासनच्या रस्त्यावर त्या नीट चालायच्या. एकच खांब दोघी हुंगायच्या. माझ्या मनात आशा यायची. आणि घराच्या उंबऱ्यापाशी आलं की म्हाळसाच्या पाठीवरचे केस उभे राहायचे, बानू मान खाली घालून थिजायची. रस्ता कुणाचाच नव्हता, घर मात्र दोघींचं होतं. थंडी गेली, लू सुरू झाली, तरी मी सोडेना. शेवटी आत्यांनी माझ्या हातातून पट्टा घेतला आणि खुंटीला लावला.

त्याच सुमारास सुतार दिवाणखान्यात प्लायवूडचं पार्टिशन टाकायचं माप घेऊन गेला होता. आत्यांनी त्याचा कागद फाडला. "एक भिंत बगितली म्या. ह्या घरात दुसरी न्हाई." मग करायचं काय, असं यांनी विचारलं, जरा चिडूनच. त्यावर आत्यांनी जेजुरीचं सांगितलं. गडावर देवाजवळ म्हाळसा, आणि बानूचं देऊळ खाली, अर्ध्या वाटेवर. दोघींचं पटेना तेव्हा देवानेही एकीला हाकललं नाही, एकीला वर ठेवलं, एकीला खाली, आणि दोघींकडे गेला-आला. "द्येवाला जमलं ते तुला का न्हाई?" हे आईपुढे कधी वाद घालत नसत. त्या संध्याकाळी त्यांनीच बाजारातून कड्या आणल्या.

जिन्याच्या जाळीला कडी, स्वयंपाकघराला कडी, अंगणाच्या दाराला कडी. कोण कधी बाहेर, कोण कधी आत, याच्या पाळ्या लागल्या. पाहुणे आले की आधी ओरडून विचारायचं, "कोण सुटलंय?" मुलगा अभ्यासाला खाली, आत्या झोपायला वर. हे कारखान्यातून आले की आधी खाली बसत, मग वर. घड्याळ न पाहता सारखा वेळ देत. हा माणूस आपल्या भावाबद्दल एक शब्द बोलत नव्हता, पण कुत्र्यांच्या वाटणीत कुणावर अन्याय होऊ नये म्हणून इतका जपायचा की मला कधी कधी बघवत नसे.

म्हाळसाची एक खोड याच काळातली. वरच्या गॅलरीत तिला भाकरी दिली की ती अर्धी खायची आणि उरलेला तुकडा नाकाने ढकलत कठड्याकडे न्यायची. उरलेलं पुरून ठेवणं कुत्र्यांच्या रक्तातच असतं. माती नसली तरी नाक माती ओढल्यासारखं चालतं, हे मला माहीत होतं. फरशीवर तुकडा सरकत सरकत गजांखालून अंगणात पडायचा. खाली बानू उभी असायची. पहिल्यांदा ती दचकून पळाली. नंतर ती ठरल्या वेळी येऊन मान वर करून थांबू लागली. तुकडा पडला की म्हाळसा गजांतून तोंड काढून बघायची, गुरगुर नाही, शेपूट नाही, फक्त बघणं, बानूचं खाऊन होईपर्यंत. मग वळून आत.

यावर घरात एकमत कधी झालं नाही. हे म्हणायचे, घसरतो तुकडा. मुलगा म्हणायचा, ती माफी मागते आहे. आत्या म्हणायच्या, "देती ती." मी भाकरी कठड्यापासून लांब ठेवून पाहिली, खोलीच्या अगदी आतल्या कोपऱ्यात. तिने ती तिथूनही ढकलत आणली, उंबरा ओलांडून. त्यानंतर मी पुरण्याबिरण्याचं बोलले नाही.

शेवटी शेवटी तिला जिना चढवेना. तिला खाली आणावं आणि बानूला वर न्यावं असं मी सुचवलं. पण वर तिची खोली होती, तिथे आत्यांची कॉट होती, आणि आत्या तिला सोडायला तयार नव्हत्या. मग हे तिला दोन्ही हातांवर उचलून न्यायचे, सकाळी खाली, नंतर वर. कारखान्यातून येऊन बूट न काढता. उचलताना तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटायचे. काय ते मी विचारलं नाही.

पावसाळा सरता सरता ती गेली. आत्या जेवेनात, बोलेनात. म्हाळसाच्या चटईवर हात ठेवून कॉटच्या कडेला बसून राहायच्या. असं चाललं असताना एका रात्री यांना गॅलरीत फोनवर बोलताना ऐकलं. "दादा," असं म्हणून हे बराच वेळ थांबले. "आईनं अन्न सोडलंय. तू ये."

भाऊजी मिळेल त्या गाडीने आले. वाड्याची भिंत उठल्यापासून या दोघांना मी एका ताटलीतला लाडू घेताना पाहिलं नव्हतं. भाऊजी आल्या आल्या आईजवळ बसले. त्यांना काय बोलावं सुचेना, म्हणून ते खोलीभर पाहत राहिले आणि विचारलं, "दारादाराला ह्या एवढ्या कड्या कशाला?" आत्या बऱ्याच दिवसांनी सलग बोलल्या. गोधडी, दाढ, जेजुरी, गॅलरीतली भाकरी, सगळं सांगितलं. "एवढी वर्सं हेच करीत बसलाव?" भाऊजी म्हणाले. "बसलाव," आत्या म्हणाल्या. "दोगीबी घरातच व्हत्या की." मग त्यांनी भाकरी मागितली.

भाऊजी अजून इथेच आहेत. परतीचं तिकीट त्यांनी एकदा पुढे ढकललं आहे. म्हाळसा नाही तर आता ही लोखंडं काढून टाकू म्हणून त्यांनी पेचकसही आणला होता, पण बानूला ते पसंत पडलेले नाहीत. ते जिन्यात दिसले की ती गुरगुरत उठते. त्यामुळे जाळीची कडी पुन्हा लागते आहे, आणि खाली उतरण्याआधी भाऊजी आता वरूनच ओरडून विचारतात, "कोण सुटलंय?"