साधा शब्द

चौतीस वर्षे मी वाईच्या एका शाळेत मुलींना मराठी शिकवले. समानार्थी शब्द हा माझा आवडता तास. पाण्याला शब्द किती, सूर्याला किती, कमळाला किती, ते मुली घडाघडा म्हणत, आणि फळा भरून गेला की आपण फार मोठे काही केले असे मला वाटे. अशा मला, २०१७ सालच्या जूनमध्ये, परळच्या टाटा रुग्णालयात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारले, "गाठ कुठे आहे?" आणि मला शब्द सापडेना. स्तन, कुच, पयोधर, वक्ष, सगळे मला येत होते. वर्गात ते आले की मान खाली घालून, भराभर वाचून मी पुढच्या ओळीवर जात असे. त्यांतला एकही आता माझा म्हणून तोंडातून निघेना. मी पदराकडे बोट दाखवले आणि म्हटले, "इथे."

गाठ मला त्याआधी चार महिने सापडली होती. माघातली थंडी होती. न्हाणीघरात अंगाला साबण लावताना हाताला चिंचोक्याएवढे काहीतरी लागले. दुखत नव्हते. दुखत नाही त्या अर्थी काळजीचे काही नसावे, असा मी सोयीचा अर्थ काढला. ही गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, हे मला पुढे कळले. आमचे डॉक्टर म्हणजे माझ्या भावाचे बालमित्र. त्यांच्यापुढे हा विषय काढायचा तरी कसा? चिंचोक्याचा आवळा झाला तेव्हा कुठे मी मुंबईला भाचीला फोन केला आणि म्हटले, "अगं, छातीत जरा काहीतरी आहे." पोर घाबरली. दुसऱ्याच दिवशी येऊन मला घेऊन गेली आणि तिने पहिल्याने माझ्या हृदयाचा आलेख काढवला. तो उत्तम निघाला! या वयात असे हृदय क्वचित पाहायला मिळते, अशी शाबासकीसुद्धा मिळाली. त्या शाबासकीत आणखी पंधरा दिवस गेले.

आधी औषधे, मग शस्त्रक्रिया, मग किरणांचा शेक, असा क्रम ठरला. पहिली चार औषधे दर एकवीस दिवसांनी, पुढची बारा दर आठवड्याला. मंगळवार हा माझा वार. भाचीचे घर लालबागला, त्यामुळे जाण्यायेण्याची दगदग नव्हती. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेले हे रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. आज तिथे सारा देश येऊन बसलेला दिसतो. बिहारची माणसे, बंगालची, आसामची. हातात फाईल, काखेत पिशवी, आणि डोळे भिंतीवरच्या आकड्यांकडे लागलेले.

घरी मी फार शूर होते. मी संसार केला नाही. भावाची ही एकुलती मुलगी म्हणजेच माझे लेकरू. तिच्यासमोर रडायचे नाही असे मी ठरवले होते. तीही माझ्यासमोर हसतमुख असे. "आत्या, बघता बघता संपेल हे," असे म्हणून ती न्हाणीघरात शिरे आणि नळ सोडी. तो नळ बराच वेळ वाहत राही. मला ते लगेच ओळखू आले, कारण मी आत गेले की मीही नळ सोडत असे. त्या पावसाळ्यात आम्ही दोघींनी मिळून पाणी फार वाया घालवले.

रुग्णालयातल्या बाकावर मात्र शूर होण्याची सोय नव्हती. सकाळी रक्त द्यायचे, पांढऱ्या पेशी पुरेशा आहेत असे कळले तरच औषध मिळायचे. तोवर दोन-तीन तास त्या बाकावर काढायचे. दर मंगळवारी त्याच चार-पाच जणी शेजारी येत. एकमेकींची नावे आम्ही विचारलीच नाहीत. गावावरून हाक मारायची रीत कोणी पाडली कोणास ठाऊक. मासे विकणारी एक होती, ती मालवण. एक सांगली. शिवणकाम करणाऱ्या आपा म्हणजे भिवंडी. रात्रीच्या गाडीने येणारी आणि दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत उतरणारी एक वयस्क शेतकरीण, ती अकोला. मी अर्थात वाई.

धीर धर, असे त्यांच्यापैकी एकीनेही मला कधी सांगितले नाही. त्यांनी सांगितल्या त्या फार साध्या गोष्टी. पहिली चार औषधे लाल, थेट कोकम सरबतासारखी. पहिल्या दिवशी मालवणने माझ्या कानाशी लागून म्हटले, "आज लघवी लाल जातली. भिया नको गो, रगात नाय ता, औषधाचो रंग आसा." हे तिने सांगितले नसते तर त्या रात्री मी नक्कीच हाय खाल्ली असती. सांगलीने बजावले, "औषधाच्या दिवशी आवडीचं काही खायचं नाही. मी पहिल्या वेळी पुरणपोळी खाऊन आले होते. आता तिचा वाससुद्धा सोसवत नाही." मी त्या दिवशी डब्यात अळूवड्या आणल्या होत्या. त्या शेजारच्या बाईच्या नातवाने खाल्ल्या आणि माझ्या अळूवड्या मला जन्मभर राहिल्या. तोंड येऊ नये म्हणून औषध चालू असताना बर्फ चघळावा, केस पंधरवड्यानंतर जायला लागतात म्हणून आधीच बारीक कापून घ्यावेत, रात्री ताप चढला तर सकाळची वाट न पाहता निघावे, हे सगळे मी बाकावर शिकले. डॉक्टरांनीही यांतले बरेचसे सांगितले होते. पण भ्यालेल्या माणसाला कागदावरचे वाचता येते, कळत नाही.

ही औषधे येतात कुठून, ते मी मागाहून वाचले. लाल औषध इटलीच्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजंतूपासून निघाले, आणि पुढचे बारा वेळा घ्यायचे औषध अमेरिकेतल्या यू नावाच्या झाडाच्या सालीत प्रथम सापडले. मंगळवारी मी हे बाकावर सांगितले. अकोला म्हणाली, "म्हंजे मातीच न् सालच की!" आणि तिला औषधाविषयी एकदम जवळीक वाटू लागली.

या अकोल्याविषयीच मला सांगायचे आहे. तिसरे लाल औषध होते त्या दिवशी ती माझ्या शेजारी होती. मी सहज विचारले, तुमचे कधी लक्षात आले? ती आवाज न चोरता, बाजारभाव सांगावा तशी सांगू लागली. "मास्तरीणबाई, माह्या थानाले गाठ आली व्हती. दोन वर्सं लपवून ठेवली म्या. मंग थे फुटली. वास यायले लागला. मंग कापूर लावला, कडूलिंबाचा पाला बांधला, वरून दोन दोन पदर घेतले. पोराले सांगू तरी कसं?"

तो शब्द ऐकून मी आधी दचकले. गोठ्यात चालणारा शब्द, चारचौघांत बाईने उच्चारावा! आमच्या घरात मूल आईच्या अंगावर पीत असे, अंगावरचे दूध तुटत असे. त्या एका अवयवाला झाकण्यासाठी आम्ही सगळे अंग पुढे करत आलो. मी इकडेतिकडे पाहिले. कोणीही दचकले नव्हते. आपा मान हलवत होत्या.

आणि मग कापराचा वास आला. तिथे कापूर नव्हता. तो वास १९६३ सालचा होता. वाईच्या आमच्या वाड्यात माडीवर एक खोली होती आणि तिथे माझी आत्या निजून असे. मी नऊ वर्षांची होते. चैत्रातल्या उन्हाळ्यात ती दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन बसे. उशाशी कडूलिंबाचा पाला असे, आई कोपऱ्यात कापूर जाळी. मी जिना चढून दाराशी गेले की आत्या म्हणे, "तिथेच बस गं, जवळ येऊ नकोस." मला गोष्टी सांगणारी, माझ्या वेण्या घालणारी आत्या मला जवळ का येऊ देत नाही, याचा मला फार राग येई. ती गेली तेव्हा मोठी माणसे म्हणाली, छातीचे दुखणे होते. चोपन्न वर्षे मी समजत होते की तिचे हृदय कमकुवत होते.

माझ्या हाताला सुई लागलेली होती, नळीतून ते लाल औषध थेंबथेंब उतरत होते, आणि मी मोठ्याने रडू लागले. जूनपासून पहिल्यांदाच, नळ न सोडता. का रडतेस असे कोणी विचारले नाही. मालवणने माझी पिशवी आपल्या मांडीवर घेतली. भिवंडीच्या आपा म्हणाल्या, "रो लो बहन, यहाँ कोई मना नहीं करता."

घरात हा आजार कोणाला होता का, असे डॉक्टरीणबाईंनी मला पहिल्याच दिवशी विचारले होते आणि मी ठामपणे नाही म्हणून सांगितले होते. त्या दिवशी मी पुन्हा त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि म्हटले, "माझ्या आत्याच्या स्तनाला गाठ झाली होती. त्यातच ती गेली." वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मी हे पहिले सरळ वाक्य बोलले. त्यांनी ते लिहून घेतले. वडिलांच्या बाजूने आलेला वारसाही आईच्या बाजूइतकाच धरायचा असतो, असे त्यांनी समजावले आणि विचारले, "घरात आणखी कोणी स्त्रिया आहेत?"

"एक भाची आहे," मी म्हटले. मला आत्या म्हणणारी.

त्या रात्री स्वयंपाकघरात बसून मी तिला सगळे सांगितले. माडीवरची खोली, पदर, कापूर. शब्द न टाळता सांगितले. ती म्हणाली, "पण बाबा तर म्हणायचे, हार्टचा त्रास होता." मग आम्ही दोघी एकमेकींसमोर बसून रडलो. पुढच्याच आठवड्यात तिने स्वतःची तपासणी करून घेतली. काही निघाले नाही. तेव्हापासून ती दर वर्षी जाते, आणि जाऊन आल्यावर मला नीट सगळे सांगते.

माझी शस्त्रक्रिया २०१८ च्या जानेवारीत झाली. जखमेतले पाणी जाण्यासाठी नळी आणि बाटली लावून देतात, ती हातात धरून हिंडायची कशी? आपांनी गळ्यात अडकवायची एक कापडी पिशवी मला आधीच शिवून दिली होती, तिला बारीक जरीची किनारसुद्धा लावली होती. हात आखडू नये म्हणून भिंतीवर बोटे चालवत वर न्यावी लागतात. बोटे पोचतील तिथे भाची रोज पेन्सिलीने खूण करी, लहान मुलाची उंची मोजतात तशी. त्या खुणा अजून लालबागच्या भिंतीवर आहेत. रंग काढताना तिने तेवढा भाग सोडायला लावला. त्या बाजूच्या हाताने मी अजून जड बादली उचलत नाही, त्या हातातून रक्त काढू देत नाही. हा सांगलीचा धडा.

अकोला मात्र त्या आधीच यायची थांबली होती. बारांपैकी आठव्या मंगळवारी तिची जागा रिकामी राहिली. आम्ही सरकून बसलो नाही. संक्रांतीच्या सुमारास तिच्या मुलाचा फोन आला. माझा नंबर तिच्या फाईलच्या पुठ्ठ्यावर लिहिलेला होता. "आई तुमचं नाव काढायची," तो म्हणाला. "वाई, वाई म्हणायची." तिला माझे नाव ठाऊक नव्हते, मला तिचे. मला माझे चार महिने माफ झाले. तिला तिची दोन वर्षे माफ झाली नाहीत.

मुंबईच्या वस्त्यांतून १९९८ पासून टाटा रुग्णालयाने एक मोठे काम केले. ३५ ते ६४ वर्षांच्या दीड लाखाहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. त्यांतल्या निम्म्यांच्या स्तनांची तपासणी शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी करीत. यंत्राने नव्हे, नुसत्या हाताने. वीस वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्यांत आजार लवकरच्या टप्प्यावर सापडला होता, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत त्याने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. हे वाचले त्या दिवशी मी बराच वेळ त्या माडीच्या जिन्याकडे पाहत बसले. जाणत्या बाईचा एक हात आणि आजाराचे सरळ नाव, एवढेच तर लागत होते.

आता मी वाईलाच असते. दर वर्षी हळदीकुंकवाला बायका जमल्या की वाण देण्याआधी मी दहा मिनिटे बोलते. शाळेतल्यासारखी उभी राहून बोलते, समानार्थी शब्द घेत नाही. पहिल्या वर्षी दोघी-तिघी पदर तोंडाला लावून हसल्या, एक वयस्क बाई उठून गेल्या. आता कोणी उठत नाही.

यंदा सगळ्या पांगल्यावर एकजण दाराशी रेंगाळली. माझीच जुनी विद्यार्थिनी, पन्नाशीला आलेली. चपला घालून झाल्या तरी तिचा पाय निघेना. मी जवळ जाऊन विचारले, "कुठे आहे?"

तिने पदराकडे बोट दाखवले. "इथे, बाई."

"दुखतं?"

"नाही. म्हणूनच..."

मी तिचा हात धरून तिला पुन्हा आत आणले आणि पाट मांडला. "बस," मी म्हटले. "उद्या सकाळची पहिली गाडी किती वाजता आहे?"